कारवान कुत्रीला शोमध्ये उतरवायचंय, पुढे पिल्लंही घ्यायचीत, सुरुवात कुठून करू?

बार्शीकर_२४

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे कारवान कुत्री आहे, म्हणजे आपली बारीक अंगाची, पळणारी देशी जात, बिजली नाव. मामाने अहमदपूरकडून दोन महिन्यांची असताना आणून दिली, आता सव्वा वर्षाची झालीय. रंग बदामी, छातीवर बोटाएवढा पांढरा ठिपका, आणि पळायला सोडली की या बांधावरून त्या बांधावर कधी गेली कळतसुद्धा नाही. कागद वगैरे काही नाहीत, मामाने आई आणि बाप दोन्ही डोळ्याने बघितले होते तेवढंच.

गेल्या थंडीत मित्राबरोबर एक डॉग शो बघायला गेलो होतो. लॅब, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांची नुसती रांग आणि आपली कारवान फक्त तीन. त्यातली एक तर जजने हात लावला की मागे मागे सरकत होती. तिथे उभा असताना सारखं वाटत होतं की बिजली इथे पाहिजे होती. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

तर विचारायचं असं की कागद नसलेली कुत्री शोमध्ये नेता येते का, आणि तिला शिकवायचं काय असतं, कारण घरच्यांशिवाय कोणी जवळ आलं की ती बाजूला होते. दुसरं म्हणजे पिल्लांचं. पहिल्यांदा माजावर आली ती अकराव्या महिन्यात, तेव्हा बांधून ठेवली. आता परत महिन्या-दोन महिन्यात येईल असं वाटतंय. शेजारचे म्हणतात एक तरी वेत होऊ दे, नाहीतर कुत्रीला पुढे गाठी होतात. गावात एकाकडे कारवानचा नर आहे, तो म्हणतोय मी लावून देतो, पिल्लं निम्मी तुझी निम्मी माझी. खोटं कशाला बोलू, पिल्लं विकून चार पैसे आले तर शोचा खर्च निघेल असंही मनात आहे. वडील म्हणतात आधी माहिती काढ मग काय ते कर. म्हणून इथे आलोय.

रिंगसाईड_पुणे

बार्शीकर, स्वागत आहे, आणि तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग कारण बहुतेक लोक आधी मेटिंग करतात आणि मग माहिती काढायला येतात.

मी बारा वर्षं शोमध्ये कुत्री उतरवतेय, आधी डॉबरमन होते, गेली सहा वर्षं फक्त कारवान. कागदांचं आधी सांगते. आपल्याकडे जास्त शो होतात ते केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नियमांखाली, म्हणजे केसीआय, १८९६ सालची संस्था आहे, ऑफिस चेन्नईला. तिथे ही जात कारवान हाउंड नावाने नोंदली जाते. इंडियन नॅशनल केनेल क्लब वेगळा, तिथे हीच कुत्री मुधोळ हाउंड म्हणून ओळखतात, त्यामुळे नवीन माणूस फॉर्म भरताना गोंधळतो. आईबापाचे कागद नसतील तर परदेशी जातीचं काम अवघड असतं, पण देशी जातींसाठी केसीआयने गावोगावी कॅम्प घेऊन कुत्री तपासून नोंदवलेली आहेत, कारण चांगली कारवान मुळात वाड्यावस्त्यांवर आहेत आणि तिथे कोणाकडे कागद असणार. तू तुझ्या जवळच्या केनेल क्लबच्या सेक्रेटरीला फोन कर, कारवान आहे, कागद नाहीत, तपासणी करून नोंद करायचीय असं सरळ सांग. मायक्रोचिप मात्र लागणारच. तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेच्या मागे दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सुईने बसवतात, पंधरा आकडी नंबर असतो. बिजली कुई सुद्धा करणार नाही.

आता रिंगचं. पुढचा शो असेल तिथे बिजलीला नेऊ नकोस, एकटा जा. सकाळी लवकर जाऊन रिंगच्या कडेला खुर्ची टाकून बस आणि संध्याकाळी बेस्ट इन शो होईपर्यंत उठू नकोस. जज आधी सगळ्यांना गोल पळवतो, मग एकेकाला पुढे बोलावून तपासतो, मग सरळ जा-ये नाहीतर त्रिकोणात पळवतो, हे सगळं दोन-तीन मिनिटांत उरकतं. त्या दोन-तीन मिनिटांसाठी लोक वर्षभर खपतात. जातीतला पहिला आला की तो ग्रुपमध्ये, म्हणजे सारख्या जातींच्या गटात जातो, ग्रुपचा पहिला बेस्ट इन शोला. चॅम्पियन व्हायचं तर वेगवेगळ्या जजकडून चॅलेंज सर्टिफिकेट मिळवावी लागतात, आम्ही सीसी म्हणतो. पहिल्या वर्षी सीसी डोक्यातच घेऊ नकोस. हँडलर लोकांशी बोलायचं तर त्यांची रिंग झाल्यावर बोल, आधी नको, आधी कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

तू जी मागे सरकणारी कुत्री बघितलीस ना, कारवानमध्ये खरी अडचण तीच आहे. या जातीला परक्याने हात लावलेला आवडत नाही, तो तिचा दोष नाही, स्वभावच तसा. पण जजला दात बघायचे असतात, पाठीवरून मांडीवरून हात फिरवायचा असतो. म्हणून आजपासून एक काम कर. रोज संध्याकाळी बिजलीला उभी करायची, चारी पाय सरळ, मान वर, आणि घरातल्याने एकदा ओठ वर करून समोरचे दात बघायचे. फक्त समोरचे, आणि दोन सेकंद. वरचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे जेमतेम घासून बसले पाहिजेत, तेही तुला कळेल. मग उकडलेल्या चिकनचा एक तुकडा. आठवड्याने आईने करायचं, मग शेजारच्यांनी, मग टोपी घातलेल्या माणसाने, मग गॉगलवाल्याने. माझी पहिली कारवान सहा महिने फक्त घरच्यांना दात दाखवायची. शेवटी आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्या काकांनी रोज सकाळी येता-जाता तिला हात लावायचं मनावर घेतलं आणि तिसऱ्या महिन्यात ती स्वतःच त्यांच्यापुढे जाऊन उभी राहायला लागली. तिच्या पहिल्या सीसीचे पेढे सगळ्यात आधी त्यांना दिले.

चालीचं म्हणशील तर दुडकी चाल हवी, भरधाव नको. कारवान सोडली की धावतेच, पण रिंगमध्ये तुझ्या डाव्या बाजूला, पट्टा सैल ठेवून एका लयीत चालायला शिकव. पहाटे डांबरी रस्त्यावर दहा मिनिटं रोज, बास. शोचा पट्टा बारीक असतो, साखळी अजिबात नको. अंगाला काही करायचं नसतं, ओल्या फडक्याने पुसलं की झालं. आणि वजन वाढवू नकोस हं, शेवटच्या बरगड्या आणि कंबरेची हाडं थोडी दिसणारच. लोक म्हणतील खायला घालत नाही का, म्हणू देत.

पिल्लांबद्दल मी बोलत नाही, इथे माझ्यापेक्षा जाणकार आहेत. फक्त त्या निम्मी-निम्मीवाल्याला आज लगेच हो म्हणू नकोस.

माळरान

भावा मी सांगोल्याचा. आमच्याकडे तीन पिढ्या कारवानी आहेत, वाड्यावर मेंढरांबरोबर असतात, कुठला कागद आणि कुठली चिप. कुत्रं रानात कळतं, रिंगणात काय कळणार. नर चांगला छातीचा आणि दमाचा बघायचा, लावायचा, झालं. तुला पाहिजे तर आमचा नर आहे, ससा अर्ध्या रानात धरतो. पैसे नकोत, एक पिल्लू दे फक्त.

डॉ_ताई_नाशिक

मी पशुवैद्य आहे, लहान प्राण्यांचीच प्रॅक्टिस करते. बार्शीकर, तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट आधी बाजूला काढते कारण ती मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. कुत्रीला एक वेत झालंच पाहिजे, नाहीतर तब्येत बिघडते, यात काहीही तथ्य नाही. गर्भाशयात पू होण्याचा आजार एक वेत झालेल्या कुत्रीलाही होतो. गाठींचंही तेच, एका वेताने त्या टळत नाहीत. त्या दोन्हींपासून वाचवायचं तर नसबंदीचं ऑपरेशन आहे, बाळंतपण हा त्यावरचा इलाज नाही. म्हणजे पिल्लं घ्यायची असतील तर तुम्हाला घ्यायचीत म्हणून घ्या, तिच्या तब्येतीचं नाव पुढे करू नका.

दुसरं वय. सव्वा वर्षाची म्हणजे हाडापेराने वाढलेली दिसते पण अजून भरायची आहे. २०१७ साली केंद्र सरकारने श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम काढलेत, त्यात मादी कमीत कमी अठरा महिन्यांची हवी, वर्षातून एकच वेत, आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाहीत असं आहे. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही. आणि पिल्लं विकायची म्हणजे तुम्ही ब्रीडर झालात, त्यासाठी राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. येणारा माज सोडूनच द्या. त्या दिवसांत तिला अंगणात मोकळी सोडू नका, कुंपण कितीही उंच असलं तरी. माझ्याकडे सहा फुटी भिंतीवरून आलेल्या नरांच्या केसेस आहेत.

माळरान दादा, तुमचा नर चांगला असेलच, पण नर कोणताही असो, मेटिंगच्या आधी दोघांचीही ब्रुसेला तपासणी करा. रक्ताची साधी तपासणी आहे. हा आजार मेटिंगमधून पसरतो, कुत्री गाभडते, नराचे वृषण खराब होतात आणि माणसालाही लागतो, विशेषतः बाळंतपण करताना जो हात घालतो त्याला. एकदा कळपात शिरला की निघत नाही. नराचे दोन्ही वृषण खाली उतरलेले आहेत का तेही हाताने बघा, एकच असेल तर तो नर वापरू नका, पुढच्या पिढीत तोच दोष येतो.

मेटिंगचा दिवस अंदाजाने ठरवू नका. रक्तस्राव सुरू झाल्यापासून दहावा-बारावा दिवस असं सगळे सांगतात, पण एखादी सातव्याला तयार असते, एखादी अठराव्याला. रक्तातल्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची तपासणी पाचव्या-सहाव्या दिवसापासून दर दोन-तीन दिवसांनी करायची, आकडा पाचच्या आसपास आला की बीज सुटलं असं समजतात, त्यानंतर साधारण दोन दिवसांनी मेटिंग. याचा मोठा फायदा शेवटी होतो, कारण बीज सुटल्यापासून ६३ दिवस, एखादा दिवस इकडे तिकडे, आणि व्यायची तारीख हातात असते. नुसती मेटिंगची तारीख धरली तर ५७ पासून ७२ पर्यंत काहीही होऊ शकतं आणि तुम्ही पंधरा दिवस झोपणार नाही.

अजून एक, हे नक्की लिहून ठेवा. कारवान, मुधोळ, रामपूर, ग्रेहाउंड या बारीक अंगाच्या कुत्र्यांना भुलीची काही जुनी औषधं, थायोपेंटोनसारखी, जड जातात, अंगावर चरबीच नसते आणि शरीर ते औषध लवकर बाहेर टाकत नाही, शुद्धीवर यायला फार वेळ लागतो. रात्री अपरात्री सिझेरियनची वेळ आली आणि समोरचे डॉक्टर नवीन असले तर तुम्हीच आधी सांगायचं, साइटहाउंड आहे म्हणून, म्हणजे या बारीक अंगाच्या जातींतली.

बार्शीकर_२४

डॉक्टर ताई, रिंगसाईड ताई, खूप आभार, दोघींचं वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं. गाठींचं ऐकून शेजारचे काका अजून मान्य करत नाहीयेत पण आईने लगेच सांगितलं की या वेळचा माज सोडायचा म्हणजे सोडायचा. नरवाल्याला नाही सांगून आलो, थोडा रागावला.

माळरान भाऊ, तुमचा राग नाही, उलट तुमचा नर एकदा बघायला यायला आवडेल. पण मला एक कळत नाहीये, शोमध्ये जिंकणं आणि पिल्लं घेणं याचा एकमेकांशी संबंध नक्की काय? बिजली शोमध्ये हरली तर पिल्लं घ्यायचीच नाहीत का? आणि कोणी पहिल्या वेताचं खरं खरं सांगेल का, काय काय होतं ते.

उदगीरचे_आबा

पोरा, तू विचारलंस म्हणून लिहितो, लांबेल, पण हे मला कोणीतरी पंचवीस वर्षांपूर्वी सांगायला पाहिजे होतं.

आधी शोचं. मीही माळरानसारखाच म्हणायचो की कुत्रं रानात कळतं. त्यात खोटं नाही, दम आणि पाय रानातच कळतात. पण स्वतःच्या कुत्र्यावर आपला जीव असतो ना, त्यामुळे त्याचा खांदा सरळ उतरलाय, पाठ खचलीय, पंजा पसरलाय हे आपल्याला दिसतच नाही. शोचा उपयोग तेवढ्यासाठी. ज्याचं तुझ्याशी काही देणंघेणं नाही असा जाणता माणूस तुझ्या कुत्रीवरून हात फिरवतो आणि बाकीच्या चार कारवानींच्या शेजारी उभी करून बघतो. एका जजकडे हरली म्हणून काही नाही, पण तीन-चार वेगवेगळ्या जजनी एकच खोट काढली तर ती खोट आहे असं धर, आणि नर शोधताना त्या जागी मजबूत असलेला शोध. त्याच्या घरात तीच खोट असेल तर चांदीची थाळी दिली तरी नको. एवढाच शोचा आणि पिल्लांचा संबंध. आमच्याकडे माळेगावच्या यात्रेत, नांदेड जिल्ह्यात खंडोबाची मोठी यात्रा भरते मार्गशीर्षात, तिथे घोड्यांबरोबर कुत्र्यांचंही प्रदर्शन असतं. तिथे एकदा जा. पुण्याच्या रिंगमध्ये दिसत नाहीत तसल्या कारवानी तिथे गावातली माणसं दोरीला धरून उभी असतात, डोळे भरून बघ, कानाला-शेपटीला झालर असलेली पश्मी पण बघायला मिळेल.

आता माझं पहिलं वेत. कुत्रीचं नाव हिरा. तिला मी अकराव्या महिन्यात लावली, म्हणजे तुझी बिजली पहिल्यांदा माजावर आली ना, नेमकी त्या वयात. कोणीतरी सांगितलं गाभण कुत्रीला कॅल्शियम भरपूर दे, मी दोन महिने रोज बाटलीने पाजलं. सात पिल्लं झाली. बाराव्या दिवशी संध्याकाळी हिरा धापा टाकायला लागली, मागचे पाय ताठ, अंग थरथरतंय, डोळे वटारलेले, मला वाटलं साप चावला. मोटरसायकलवर मांडीत धरून डॉक्टरकडे नेली, त्यांनी शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं, अर्ध्या तासात शांत झाली. तेव्हा कळलं की गाभण असताना वरून कॅल्शियम दिलं की शरीर स्वतःचं कॅल्शियम हाडातून काढायचं विसरतं आणि दूध जोरात सुरू झालं की एकदम कमी पडतं. ती वाचली पण दूध बंद करावं लागलं. सात पिल्लं दर दोन तासांनी बाटलीवर. माझी बायको आणि मी पाळी लावून जागलो. तीन गेली. तिसरं गेलं ते पहाटे माझ्या हातात, तळहातावर मावेल एवढं, अंग गार पडत चाललेलं आणि मला तेव्हा हेही माहीत नव्हतं की गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची असते, दूध नंतर, गार पोटात दूध पचत नाही. मी बाटली तोंडात कोंबत होतो. आज पंचवीस वर्षांनी ते आठवलं की हात थांबतो.

म्हणून तुझी वेळ येईल तेव्हा काय करायचं ते सांगतो. व्यायच्या आधी आठ दिवस तिची खोली ठरव, कोपऱ्यातली, लोक येत-जात नाहीत अशी. प्लायवुडचं खोकं करून घे, कुत्री आडवी पाय ताणून झोपेल एवढं, आणि आतून चारी बाजूंनी जमिनीपासून वीतभर उंचीवर एक दांडकं ठोक. आई पाठ टेकून बसली की भिंतीच्या बाजूचं पिल्लू चिरडतं, ते दांडक्याखाली वाचतं. हिराच्या वेळी हे नव्हतं. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा ताप बघायचा, एरवी १०१ च्या वर असतो, ९९ च्या खाली उतरला की चोवीस तासांत व्याणार. एक्स-रे शेवटच्या आठवड्यात एकदा काढून घे म्हणजे पिल्लं किती ते माहीत असतं, नाहीतर सहावं आत राहिलंय आणि आपण झालं म्हणून चहा करायला जातो. पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवं पाणी गेलं किंवा कुत्री अर्धा तास सतत जोर करतेय पण काही येत नाही, तर घरात उपाय करत बसू नको, गाडी काढ.

पिल्लं झाली की स्वयंपाकघरातला काटा घे. मी प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा बांधतो, सैल, दर तीन दिवसांनी बदलतो कारण मान वाढते. रोज सकाळी एकाच वेळी वजन आणि वहीत नोंद. पिल्लू रोज थोडं तरी वाढलंच पाहिजे. एक दिवस जिथल्या तिथे राहिलं तर मी त्याला मागच्या सडाला धरून लावतो, तिथे दूध जास्त असतं. दुसऱ्या दिवशीही नाही वाढलं की डॉक्टर. बाहेरून धडधाकट दिसणारं पिल्लू काट्यावर आधी कळतं, डोळ्याला दोन दिवस उशिरा. पहिला आठवडा खोक्यात ऊब पाहिजे, तीस डिग्रीच्या आसपास, पण आईला सरकून बसायला एक कोपरा गार ठेव.

मेटिंगच्या वेळचंही सांगून ठेवतो. नर-मादी एकमेकांत अडकतात, दहा मिनिटं, वीस, कधी अर्धा तास. ते तसंच असतं. गावात लोक पाणी टाकतात, काठी मारतात, ओढतात, त्याने दोघांनाही आतून जखमा होतात. दोघांची डोकी धरून शांत बसायचं, बास.

आता पैशाचं, कारण तू खरं बोललास. माझं गेलं वेत सहा पिल्लांचं. तपासण्या, सोनोग्राफी, एक्स-रे, आईचं खाणं, दुसऱ्या आठवड्यापासून जंताचं औषध, सहाव्या आठवड्यापासून लसी, चिपा, नोंदणी, सगळं धरून चाळीस हजारांच्या वर गेले, आणि सिझेरियन लागलं नाही हे नशीब. त्यातून शोचा खर्च निघेल असं धरून चालू नको.

आणि जे सगळ्यात महत्त्वाचं ते. २०२० च्या ऑगस्टमध्ये मन की बातमध्ये पंतप्रधान देशी कुत्र्यांबद्दल बोलले, मुधोळचं नाव आलं, आणि मला फोन यायला लागले, पुणे, मुंबई, हैदराबाद. मी खूश झालो. वेत घेतलं, आठच्या आठ विकली गेली महिन्याभरात. वर्ष-दीड वर्षात तीन जणांचे परत फोन. एक जण तिसऱ्या मजल्यावर वन बीएचकेत राहणारा, म्हणाला सोफा फाडतो. दुसऱ्याने न सांगता कोणाला तरी दिलं. तिसऱ्याकडे मी स्वतः गेलो, धाब्याच्या मागे चार फुटाच्या साखळीला बांधलेला होता माझा पोरगा, मान सोललेली, नखं वळून आत गेलेली. दीड वर्षाचा होता. आठव्या आठवड्यात मी त्याला दिला होता तेव्हा गळ्यात निळा धागा होता, वहीत नाव पण निळूच लिहिलेलं. मी नुसतं निळू म्हटलं तर तो उठून उभा राहिला. घेऊन आलो. अजून आहे माझ्याकडे, पायाशी बसलाय आत्ता.

त्यानंतर मी आधी घरं मोजतो आणि मग कुत्री लावतो. कमीत कमी सहा माणसं अशी पाहिजेत ज्यांचं अंगण किंवा रान मी बघितलंय, ज्यांच्या घरातल्या बाईशी बोललोय, कारण खायला तीच घालणार असते. लिहून घेतो की जमलं नाही तर माझ्याकडेच परत आणायचं, कधीही, आठ वर्षांनी सुद्धा. सहा घरं नाही झाली तर त्या वर्षी वेत नाही. दोन वर्षं झालीत मी वेत घेतलेलं नाही.

माळरान, तुमच्या नराला नावं ठेवत नाही, उलट तसल्या वाड्यावरच्या नरांचं रक्त टिकलं पाहिजे कारण कागदवाल्यांत सारखे त्याच त्याच घरातले नर वापरून बारीक वर्तुळ झालंय. त्याची तपासणी करून घ्या, चिप बसवा, नोंद करा, लोक स्वतःहून येतील तुमच्याकडे. पण सशाचं एवढं मोकळेपणाने लिहू नका दादा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली सशाची शिकार गुन्हा आहे, आणि कुत्र्यासकट पकडलं तर कुत्रं जातं.

माळरान

आबा, तुमचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ. आमच्याकडे आजपर्यंत पिल्लू दिलं की दिलं, परत कोणी विचारलं नाही. सशाचं खरंय, नको लिहायला पाहिजे होतं, करायलाही नको. ती रक्ताची तपासणी सांगोल्यात होते का पंढरपूरला न्यावं लागेल?

डॉ_ताई_नाशिक

माळरान दादा, तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, रक्त तिथे काढून लॅबला पाठवता येतं, नराला कुठे न्यावं लागणार नाही. आणि आबा, तुमचं कॅल्शियमचं मी क्लिनिकमध्ये छापून लावू का? तुमचं नाव न टाकता. व्याल्यानंतर डॉक्टरने सांगितलं तर द्यायचं, आधी नाही, एवढं एक वाक्य लोकांना पटवायला माझा जीव जातो.

उदगीरचे_आबा

लावा ताई. हिराचं नाव टाका हवं तर.

बार्शीकर_२४

आबा, तुमचं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा आईला वाचून दाखवत होतो तर निळूचं आलं तशी ती उठून आत गेली.

वडिलांशी बोलणं झालं. ठरलं असं की या वर्षी फक्त नोंदणी आणि शो. मार्गशीर्षात माळेगावला मी आणि वडील दोघं जाणार, बिजलीला न घेता. पिल्लांचा विचार ती सव्वादोन-अडीच वर्षांची झाल्यावर, तोपर्यंत घरं मोजतो. आत्ता विचार केला तर खरी दोनच निघाली, मामाचं रान आणि वैरागचा माझा एक मित्र. बाकी ज्यांनी पिल्लू पाहिजे म्हणून सांगून ठेवलंय त्यांतले निम्मे फ्लॅटवाले आहेत आणि एकाने तर आधीचं कुत्रं सोडून दिलेलं मला माहितीये.

रिंगसाईड ताई, आजचा तिसरा दिवस. काल ओठाला हात लावला की मान फिरवत होती, आज दोन सेकंद बघू दिलं. वरचे दात खालच्यांवर बसतात बरोबर, पण खालचा एक थोडा वाकडा वाटतो, तो दोष धरतात का?

रिंगसाईड_पुणे

एक दात जरासा वाकडा असेल तर जज बघेल पण तेवढ्यावरून बाहेर काढणार नाही, जबडा वाकडा असेल तर मात्र गोष्ट वेगळी. फोटो टाक. दातांचा एक, आणि एक पूर्ण कडेने उभी असलेली, फरशीवर नाहीतर सपाट जमिनीवर, गवतात नको, पंजे दिसले पाहिजेत. कॅमेरा तिच्या पाठीच्या उंचीला धर, म्हणजे तुला गुडघ्यावर बसावं लागेल. आणि पट्टा दुसऱ्या कोणाला तरी धरायला सांग, नाहीतर ती तुझ्याकडेच तोंड करून बघत राहील.

बार्शीकर_२४

उद्या सकाळी ऊन यायच्या आधी काढतो. पट्टा वडील धरतील म्हणालेत.